बलिदान : हिशेब करून दिलेले

बुद्धिबळाच्या डावात कोणी आपला वजीर सोडून दिला की भोवती उभ्या असलेल्या मंडळींच्या तोंडून ‘वा!’ असा उद्गार निघतोच. आमच्या संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी पट मांडून बसणाऱ्या मुलांना या ‘वा’ची मोठी ओढ आहे. त्यापायी ती घोडे, उंट आणि हत्ती फुकट घालवतात व डाव हरल्यावर म्हणतात, “काका, पण बलिदान कसले भारी होते!” वास्तविक पाहता, जे परत काही मिळवून देत नाही ते बलिदान नव्हे, ते नुकसान होय. हा फरक विद्यार्थी मित्रांना कळावा म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. एक रक्कम नावे पडली की दुसरीकडे ती जमा दिसलीच पाहिजे, हा आमचा रोजचा धर्म. पटावरचे बलिदानही तसेच आहे. वजीर नावे टाकलात तर जमेच्या बाजूला काय आले? मात? अधिक किमतीचे मोहरे? की निदान हरलेल्या डावात बरोबरी? उत्तर देता येत नसेल तर खेळी करू नये.

प्रथम एक जुना डाव पाहू. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरा थिएटरात एकवीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी एका बाजूला आणि ब्रन्सविकचे ड्यूक व काउंट इसुआर हे दोघे मिळून दुसऱ्या बाजूला, असा हा डाव झाला. पांढरी मोहरी मॉर्फीकडे होती. त्याने दहाव्या खेळीला दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा दिला, तेराव्या खेळीला हत्ती दिला, सोळाव्या खेळीला चक्क वजीर दिला आणि सतराव्या खेळीला हत्तीने मात केली. शेवटी पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी सोडता एक हत्ती व एक उंट एवढीच फौज उरली होती.

ही जादू नव्हे. काळ्याचा राजा किल्लेकोट न करता पटाच्या मध्यभागीच राहिला होता. त्याचा एक हत्ती व एक उंट डाव संपेपर्यंत जागचे हललेही नाहीत. उलट मॉर्फीचे प्रत्येक मोहरे कामाला लागले होते. मोजायला गेलो तर काळ्याची फौज मोठी; पण लढाईच्या जागी हजर असलेली फौज मॉर्फीची मोठी होती. वजिराचा शह टाळायला काळ्याकडे एकच उपाय होता, घोड्याने वजीर मारणे. तो घोडा हलताच हत्तीची वाट मोकळी झाली. म्हणजे बलिदानापूर्वीची तयारी हीच खरी कमाई होती.

आता प्रश्न असा की, अशी खेळी सापडावी कशी? आमच्या अनुभवाप्रमाणे आधी पटावर चार खुणा शोधाव्यात. १) शत्रूचा राजा उघडा आहे का, किंवा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला आहे का? २) कोणते मोहरे राखणीवाचून उभे आहे? ३) एकाच मोहऱ्यावर दोन ठिकाणची राखण पडली आहे का? त्याला एका कामाला ओढले की दुसरे काम उघडे पडते. ४) राजा आणि वजीर, किंवा दोन मोठी मोहरी, एकाच रेषेत आली आहेत का? यांपैकी एकही खूण नसेल तर बलिदान बहुधा फसते.

खूण दिसली की तीन प्रकारच्या खेळ्या याच क्रमाने पाहाव्यात : आधी सर्व शह, मग सर्व मारामारी, मग धमक्या. शह आधी का? कारण शह मिळाला की प्रतिस्पर्ध्यापुढे थोडेच मार्ग उरतात आणि थोडे मार्ग मोजणे आपल्याला झेपते.

एक उदाहरण पटावर मांडून पाहा. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगांना ए ते एच म्हणू आणि आडव्या रांगांना पांढऱ्याकडून १ ते ८. पांढरा राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५ आणि प्यादी एफ२, जी२, एच२. काळा राजा एच८, वजीर बी२, हत्ती एफ८ आणि प्यादी जी७, एच७. खेळी पांढऱ्याची आहे. काळ्याकडे घोड्याच्या तुलनेत हत्ती जास्तीचा, शिवाय तो एफ२ चे प्यादे वजिराने मारून मात करायच्या बेतात आहे. पांढऱ्याला उसंत नाही.

पांढरा घोडा एफ७ वर शह देतो. काळ्याने तो हत्तीने मारला तर पांढरा वजीर सी८ वर शह देतो, हत्तीला एफ८ वर परतावे लागते आणि वजीर त्याला मारून मात करतो. म्हणून राजा जी८ वर जातो. आता घोडा एच६ वर येतो आणि घोडा व वजीर असा दोघांचा एकदम शह बसतो. दुहेरी शहात राजालाच हलावे लागते. तो परत एच८ वर जातो. आता पांढरा वजीर जी८ वर, राजाच्या अगदी शेजारी! त्याला घोड्याची राखण असल्याने राजा मारू शकत नाही. हत्तीनेच मारावे लागते. हत्ती जी८ वर आला की घोडा एफ७ वर शह देतो आणि मात. राजा आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडला गेला. ही युक्ती १४९७ साली छापलेल्या लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या पुस्तकातही आहे.

हीच युक्ती आमच्या फजितीचेही कारण ठरली. काही वर्षांपूर्वी बँक कर्मचाऱ्यांच्या एका स्पर्धेत अगदी असेच चित्र आमच्यापुढे आले. मन हरखून गेले. वजीर उचलला आणि जी८ वर आपटला! प्रतिस्पर्ध्याने शांतपणे तो वजीर मारला, पण हत्तीने नव्हे, एफ६ वरच्या घोड्याने. त्यामुळे हत्ती एफ८ वरच राहिला आणि आमच्या घोड्याने एफ७ वर शह देताच त्याने तो गिळला. वास्तविक त्याचा राजा त्याच दोन घरांत फिरत होता. आम्ही घोड्याने तेच शह पुन्हा पुन्हा देत राहिलो असतो तर बरोबरी पदरात पडली असती. पाठ केलेले चित्र आम्ही पाहिले, समोरचा पट पाहिला नाही. साध्या व्हाउचरवरची सही दोनदा तपासणारे आम्ही, वजीर देताना मात्र एकदाही तपासले नाही!

म्हणून शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : आपल्याला हवे ते उत्तर प्रतिस्पर्धी देईल असे धरून चालू नये. त्याच्या जागी बसून त्याचे सर्वांत चांगले उत्तर शोधावे. त्या उत्तरानंतरही आपला हिशेब जुळत असेल तर बेधडक वजीर द्यावा. जुळत नसेल तर हात मागे घ्यावा. त्यात भित्रेपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, या अभ्यासाला मोठा खर्च लागत नाही. एक साधा पट, एक वही आणि रोजचा अर्धा तास पुरे. रोज दोन कोडी घ्या. मोहऱ्यांना हात न लावता उत्तर वहीत लिहा, मगच पटावर पडताळून पाहा. चुकलात तर कोणते उत्तर नजरेतून सुटले तेही लिहा. ती चुकांची वहीच पुढे तुमची गुरू होईल. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तिच्यापर्यंत सर्वांनाच पोहोचता येणार नाही. परंतु देण्यापूर्वी मोजायचे आणि मोजल्यावर द्यायला कचरायचे नाही, एवढे जरी या पटाने शिकवले, तरी सभागृहातली ती संध्याकाळ वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.