मार्बरीचं बीजिंग

अमेरिकी बास्केटबॉलपटू परदेशी खेळायला निघाला की त्याच्या गावात पेढे वाटले जात नाहीत. एनबीएचं दार बंद झालं, एवढाच त्या बातमीचा अर्थ. इटली, स्पेन, तुर्कस्तान, इस्रायल, चीन... दरवर्षी कितीतरी खेळाडू या देशांत जातात. एका मोसमाचा करार, क्लबने दिलेला फ्लॅट, बरोबर दुभाषा, आणि मोसम संपला की परत बॅगा भरायच्या. संघ हरत राहिला तर बॅगा जानेवारीतच. स्टेफॉन मार्बरी याच वाटेने चीनला गेला. पुढे बीजिंगमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

जन्म 1977 चा, ब्रुकलिनच्या कोनी आयलंड वस्तीतला. तीन थोरले भाऊ उत्तम खेळणारे, पण एनबीएपर्यंत एकही पोचला नव्हता. घरादाराची ती अपुरी इच्छा याच्या खांद्यावर आली. जॉर्जिया टेकमध्ये जेमतेम एक वर्ष काढून 1996 च्या ड्राफ्टमध्ये तो चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच दिवशी रे अ‍ॅलनच्या बदल्यात मिनेसोटाकडे गेला. तिथे जोडीला केविन गार्नेट होता. पॉइंट गार्ड आणि उंच फॉरवर्ड अशी ही जोडी दहा वर्षं टिकायला हवी होती. ती तीन मोसमांतच फुटली, मार्बरी न्यू जर्सीला गेला. गार्नेटच्या 12 कोटी 60 लाख डॉलरच्या कराराची सल त्याला होती, असं तेव्हा बोललं जाई. माझ्या मते मिनेसोटा सोडणं हीच मार्बरीच्या कारकिर्दीतली सगळ्यात महागडी चूक.

पुढचा हिशेब क्रूर आहे. न्यू जर्सीने 2001 मध्ये त्याला फिनिक्सला देऊन जेसन किडला घेतलं आणि लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरी गाठली. फिनिक्सने 2004 च्या जानेवारीत त्याला न्यूयॉर्कच्या निक्सकडे धाडलं. पुढच्या मोसमात स्टीव्ह नॅश आला आणि संघाने 62 सामने जिंकले. स्वतः मार्बरी सामन्याला सरासरी 19 गुण आणि सातआठ असिस्ट देत होता, दोनदा ऑल-स्टार होता. आकडे उत्तम होते, पण तो गेला की संघ सुधारतो, हा शिक्का बसला तो बसलाच.

न्यूयॉर्कला तो घरी परतला होता, पण त्या घराने त्याला खाल्लं. संघ हरत राहिला, प्रशिक्षकांशी खटके उडाले, 2007 च्या डिसेंबरात वडील गेले. 2008-09 मध्ये पगार दोन कोटी डॉलरच्या वर असूनही नवे प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांनी त्याला निक्सकडून एकही सामना खेळवला नाही. गंमत अशी की डी'अँटोनी स्वतः परदेशानेच घडवलेले. एनबीएत जम बसला नाही म्हणून ते 1977 मध्ये मिलानला गेले, तेरा वर्षं तिथेच खेळले, 1987 आणि 1988 चे युरोपियन चषक जिंकले, आणि इटलीच्या राष्ट्रीय संघाकडूनही उतरले. मार्बरीला बाकावर बसवणाऱ्या माणसाला दुसरा देश खेळाडूला काय देऊ शकतो हे पक्कं ठाऊक होतं.

2009 च्या उन्हाळ्यात मार्बरी इंटरनेटवर चोवीस तास कॅमेरा लावून बसला. त्यात घसा बसलाय म्हणून चमचाभर व्हॅसलिन खातानाचं दृश्य जगभर फिरलं आणि लोक हसले. त्या काळात आत्महत्येचे विचार येत, हे त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं.

2010 च्या जानेवारीत तो शान्शी प्रांतात तायुआनला पोचला. कोळशाचा प्रांत, कडाक्याची थंडी. त्याला तिथे बूटही विकायचे होते. 2006 मध्ये त्याने 14.98 डॉलरला ‘स्टारबरी’ बूट बाजारात आणले होते. नाइकीच्या बुटांना शंभराच्या वर मोजावे लागत त्या दिवसांत. ते विकणारी स्टीव्ह अँड बॅरीज ही दुकानांची साखळी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा चीनला जाण्यात बाजारपेठेचं गणितही होतं, आणि ते लपवण्यासारखं नाही. शान्शीत अर्धा मोसम, मग फोशानला एक मोसम. इथवर तो इतर परदेशी खेळाडूंसारखाच होता.

2011 मध्ये बीजिंग डक्सने त्याला घेतलं. चीनची सीबीए लीग 1995 पासूनची, पण राजधानीच्या या संघाने ती कधीच जिंकली नव्हती. तेव्हाच्या नियमाने संघात परदेशी दोनच, आणि ते किती वेळ खेळतील यावरही बंधनं. बहुतेक अमेरिकी या नियमाचा अर्थ ‘मिळेल तेवढ्या वेळात गुण मार’ असा लावत, आणि क्लबही त्यासाठीच पैसे मोजत. मार्बरीने चेंडू चिनी पोरांच्या हातात द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत ज्याच्यावर स्वार्थी खेळाचा आरोप होता, त्याचीच ही गोष्ट. वय चौतीस, पाय पूर्वीसारखे धावत नव्हते, हेही एक कारण असावं. अंतिम फेरीत समोर ग्वांगडाँग होता, आधीच्या आठ मोसमांत सात वेळा विजेता. बीजिंगने त्यांना 4-1 ने हरवलं. शेवटच्या सामन्यात मार्बरीचे 41 गुण. त्यानंतर तो मैदानावरच रडत बसला होता. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मात्र संघातल्या तैवानी ली श्वेलिनला मिळाला. त्याच वर्षी वुकसोंगच्या स्टेडियमबाहेर मार्बरीचा पुतळा लागला. 2014 आणि 2015 मध्ये बीजिंग पुन्हा जिंकलं. त्याच्यावर संगीत नाटक आलं, चित्रपट आला, मानद नागरिकत्व मिळालं. तो मेट्रोने फिरे, आणि चाहते त्याला लष्करातल्या राजकीय कमिसारच्या नावाने हाक मारत, कारण संघाचं मनोधैर्य तो सांभाळत असे.

एनबीएचाच ट्रेसी मॅकग्रेडी मार्बरीपेक्षा किती मोठा खेळाडू! 2012 मध्ये तो चिंगडाओला गेला तेव्हा विमानतळावर झुंबड उडाली. संघ 32 पैकी 8 सामने जिंकून शेवटचा आला, आणि मोसम संपताच मॅकग्रेडी परतला. 2011 मध्ये मालक-खेळाडू वादात एनबीए बंद असताना आलेले जे. आर. स्मिथ, केन्यन मार्टिन यांनीही मन अमेरिकेतच ठेवलं होतं. मार्बरीला परतायला जागाच उरली नव्हती. त्याच्या निष्ठेचं कौतुक करताना हे विसरू नये. दुसरा पर्याय असता तर तो राहिला असता का, मला शंका आहे.

मराठी वाचकाला इथे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. 1938 मध्ये चीनला गेलेले, 1942 मध्ये तिथेच वारलेले, शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात ज्यांचा पुतळा आहे ते डॉक्टर. दोघांना एका पंक्तीत बसवणं अन्यायाचं होईल. एकाने जीव दिला, दुसऱ्याने पगार घेतला. पण आपल्यात येऊन राहिलेल्या परक्याला पुतळ्यात बसवायची चिनी समाजाची हौस दोन्हीकडे दिसते.

पुतळ्याने करार मात्र वाढत नाही. 2017 मध्ये बीजिंग डक्सने चाळिशीतल्या मार्बरीच्या कराराचं नूतनीकरण केलं नाही. त्याला प्रशिक्षकाच्या फळीत यायचं सुचवलं, त्याला खेळायचं होतं. तो शहरातल्याच दुसऱ्या, दुबळ्या क्लबकडे, बीकाँगकडे गेला आणि 11 फेब्रुवारी 2018 रोजी जियांग्सूविरुद्धचा सामना जिंकून थांबला. 2019 मध्ये त्याच बीकाँगने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. त्यामुळे कोणत्या परदेशी खेळाडूला किती वेळ उतरवायचं आणि कोणाला बाकावर बसवायचं, हे ठरवण्याचं काम तेव्हा त्याच्याकडे आलं.