कंसातलं ‘लाइव्ह’

साडेचार वाजलेत, पण ऊन उतरलेलं नाही. वागातोरच्या पठारावरची तांबडी माती चपलांत शिरते, घामाला चिकटते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. रांग पत्र्याच्या कुंपणाला धरून वळत गेली आहे आणि पुढचं टोक दिसत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी आपण चार पावलं सरकतो. पलीकडून फक्त खालचा सूर येतो, तोही कानाला नाही, पत्र्याला. हात टेकवला की पत्रा थरथरतो.

माझ्या पुढे कोल्हापूरची पाच-सहा पोरं आहेत. एकाच्या फोनमध्ये आजचं वेळापत्रक उघडलेलं. काही नावांपुढे कंसात ‘लाइव्ह’ लिहिलंय, बाकीच्यांपुढे काहीच नाही.

“मग बाकीची काय मेलीत व्हय?”

“अरे, डीजे म्हंजे दुसऱ्याची गाणी लावतोय. लाइव्ह म्हंजे आपली आपण वाजवतोय.”

“कशावर?”

“लॅपटॉपवर.”

“आणि वाजवतोय का रील बघतोय, ते कसं कळायचं?”

यावर कोणाकडेच उत्तर नाही. रांग चार पावलं सरकते.

कुंपणाबाहेर एक म्हातारे गृहस्थ शहाळी विकतात. हात कोयत्यावर, नजर रस्त्यावर. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या त्यांनी तरुणपणी पाहिलेल्या आहेत. उन्हात रेकॉर्डी वाकायच्या, म्हणून कॅसेटी असायच्या, असं ते कोकणीमिश्रित मराठीत सांगतात. पुढे डॅट आली, म्हणजे डिजिटल टेप. ती बाजारात आली 1987 मध्ये, आणि गोव्याच्या वाळूवर तिनं चांगलंच बस्तान बसवलं. एक टेप संपायची, दुसरी सुरू व्हायची. ठोक्याला ठोका जुळवण्याची भानगड नव्हती. वाजवणारा कुठेतरी कडेला बसलेला असायचा आणि माणसं एकमेकांकडे तोंड करून नाचायची. कोयता थांबवून ते कुंपणापलीकडच्या उंच मंचाकडे हनुवटी उडवतात. आता सगळ्यांची तोंडं तिकडे.

आत शिरलं की आधी मनगटाला पट्टा, मग पट्ट्यात पैसे भरायची रांग. पाण्यालासुद्धा पट्टाच टेकवायचा. मी पहिल्यांदा वळतो तो छोट्या तंबूकडे, कारण तिथे कंसातलं ‘लाइव्ह’ चालू आहे.

तंबूत चाळीसेक माणसं. पुढे टेबलावर लॅपटॉप, त्याच्याशेजारी चौसष्ट चौकोनांची पाटी आणि बटणांनी भरलेला एक छोटा सिंथेसायझर. मागे पंचविशीची एक मुलगी. आपल्याला दिसतं ते लॅपटॉपचं झाकण आणि त्यावरचे स्टिकर. तिच्या बोटांखाली चौकोन पेटतात, विझतात. हिरवा, नारिंगी, पुन्हा हिरवा. मी टेबलाच्या बाजूला सरकतो, म्हणजे पाटी दिसेल.

घरी बसून तिनं स्वतःच्या रचनांचे तुकडे केलेत. एका चौकोनात ठोका, एकात बेस, एकात नुसती घुमणारी हवा. कुठला तुकडा कधी, कशाबरोबर आणि किती वेळ, हे इथे ठरतं. असे तुकडे मंचावर खेळवण्यासाठीच बर्लिनमध्ये बनवलेलं एक सॉफ्टवेअर 2001 साली आलं. सूर न हलवता लय ताणायची, आखडायची सोय त्यात वाजवता वाजवता मिळाली. तोवर बहुतेकांचा संगणक घरी गाणं बांधायच्या कामाचा होता. त्यानंतर तो पाठीवरच्या बॅगेतून गावोगाव फिरू लागला.

ती एक चौकोन दाबते. काहीच होत नाही. चौकोन नुसता लुकलुकतो. मग आवर्तन पुरं होतं आणि बेस बरोबर समेवर येऊन पडतो. बोट आधी पडलं तरी यंत्र समेसाठी थांबतं. त्यामुळे तालात चूक होणं अवघड. चूक होते ती निवडीत. आत्ताच झाली बघा. घुमणाऱ्या हवेवर तिनं जो सूर आणला तो शेजारच्या सुराशी भांडतो आहे. ती भुवया उडवते, बटण पिळून त्याचा वरचा चरचरीत भाग काढून टाकते, उरलेला तसाच ठेवते. पुढची दोन मिनिटं ते भांडण हेच गाणं होतं. पुढचा एक दाढीवाला डोळे मिटून डोलतोय. माझ्या शेजारचे दोघे म्हणतात, “चल, इथे काही चालू नाहीये,” आणि निघून जातात.

पाण्याची रांग लांब आहे. रांगेत उभं राहिलं की जुनी भांडणं आठवतात. 1982 मध्ये लंडनच्या वादकांच्या संघटनेत सिंथेसायझर आणि ड्रम मशिनवर बंदी आणण्याचा ठराव झाला होता. एका गायकानं दौऱ्यावर वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर नेले, हे निमित्त. भीती पोटाची होती आणि खोटी नव्हती. पण आज या पाण्याच्या रांगेत सिंथेसायझर म्हणजे ‘खरं वाद्य’ आणि लॅपटॉप म्हणजे लबाडी, असं बोलणारे दोघे-तिघे सहज सापडतात.

अंधार पडता पडता मुख्य मंचासमोर पाय ठेवायला जागा उरत नाही. मी बराच मागे, सत्तर मीटरवर असेन. मंच म्हणजे एलईडीची भिंत, दोन्ही बाजूंना लाइन अरे स्पीकरांच्या लटकत्या माळा, खाली बेसचे पेटारे. मधोमध अंगठ्याएवढा दिसणारा माणूस. पडद्यावर त्याचा हात खाली येतो आणि ठोका नंतर ऐकू येतो. या उकाड्यात आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर चालतो. माझ्यापर्यंत यायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मिनिटाला 128 ठोक्यांच्या या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका वाटेत हरवला. मैदानाच्या मध्यावरच्या खांबांवर आणखी स्पीकर आहेत. त्यांतला आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, म्हणजे मंचावरून चालत आलेल्या आवाजाशी तो जुळतो.

त्या माणसापुढे चार प्लेअर आहेत. गाणी खिशात मावेल अशा यूएसबीमध्ये. दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण या प्लेअरांच्या घराण्यात 2012 साली आलं. त्याच वर्षी कॅनडाच्या एका नामवंतानं उघड लिहून टाकलं होतं की मोठ्या मंचावर आम्ही सगळेच शेवटी ‘प्ले’ दाबतो. बरीच खळबळ झाली. मंचांचा आकार मात्र वाढतच गेला.

लय चढते. ठोके दाट होतात. मग सगळं थांबतं. हजारो हात वर. पडद्यावर शब्द उमटतात, गाण्यातले शब्द, अक्षराला अक्षर. आणि ठोका पडतो त्याच क्षणी मंचाच्या कडेने आगीचे आठ लोळ उठतात. गालाला धग लागते. एवढं नेमकं कसं?

साउंडचं काम करणारा एक ओळखीचा आहे. त्याच्यामुळे मला मैदानाच्या मधल्या चौथऱ्यावर चढता येतं. वर ताडपत्री, पंखे, केबलींचे वेटोळे. लाइटच्या कन्सोलवर परळचा एक पोरगा बसलाय. बसलाय म्हणजे खरोखरच बसलाय. हाताची घडी, पुढ्यात कागदी कपात चहा. मंचावर शंभरेक शार्पी दिवे वेड्यासारखे फिरताहेत आणि हा चहा पितोय.

“टाइमकोडवर आहे, काका,” तो मला कानात ओरडून सांगतो. “अख्खा तास बांधून आणलाय त्यांनी.”

सेकंदाचे तीस भाग पाडणारं एक घड्याळ संगीताबरोबर धावतं आणि लाइट, व्हिडिओ, आग त्याच्यामागे. मधेच वाजवणाऱ्याला वेगळं काही सुचलं तर? आग चुकीच्या जागी उठेल. म्हणून सुचू द्यायचं नाही. खर्च जेवढा मोठा, तेवढा तास घट्ट बांधलेला. मंचावरचा माणूस दोन्ही हात वर करून उडी मारतो. गर्दी उडी मारते. चहा संपतो.

पुढच्या कलाकाराचं नाव छोटं, वेळही पाऊण तासच. कंस नाही. पण टाइमकोडही नाही. परळकर खुर्ची मागे ढकलतो, उभा राहतो, बोटं मोडतो. दहाही बोटं फेडरवर. आता तो पडद्याकडे बघत नाही, कन्सोलकडेही नाही. त्याची नजर मंचावरच्या माणसाच्या डाव्या खांद्यावर आहे, तमाशातल्या ढोलकीवाल्याची नाचणारणीच्या पायावर असते तशी.

“बेस कापायला बटण पिळतो ना, तेव्हा खांदा आधी खाली जातो.”

खांदा खाली जातो. बेस जातो. परळकर मैदान निळं करतो, मग निळंही काढून घेतो. एकच पांढरा झोत. खांदा वर येतो, ठोका पडतो, लाइट फुटतात. अचूक. दुसऱ्या वेळेला मंचावरचा माणूस हूल देतो. खांदा वर, ठोका नाही. पांढरे लाइट रिकाम्या शांततेत भसकन पेटतात. गर्दी हसते. परळकर एक कचकचीत शिवी हासडतो आणि तोही हसतो. तिसऱ्या वेळेला तो थांबतो, थांबतो, आणि पकडतो.

तो पूर्वी बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवायचा. गणपतीत लालबागपासून चौपाटीपर्यंत, गळ्यात पट्टा अडकवून.

“तेव्हापण लोक म्हणायचे, हे कसलं वाजवणं, रबरावर काठी मारली की पाहिजे तो आवाज. मग माझा खांदा दुखायचा तो काय खोटा?”

उत्तराची वाट न बघता तो पुन्हा मंचाकडे वळतो.

दहाला दोन मिनिटं कमी असताना आवाज बंद होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सरकारला वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सूट देता येते; आजचा दिवस त्यांतला नाही. कान भरून आलेली माणसं एकमेकांशी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत फाटकाकडे वाहतात. टॅक्सीवाले पणजीचा, म्हापशाचा भाव दुप्पट सांगतात.

काही जण उताराकडे वळतात. मीही. खाली एका शॅकमध्ये पार्टी चालू आहे आणि बाहेरून ऐकू येतात फक्त फरशीवरचे पाय. फटफट, फटफट. मधेच कोणीतरी बेसूर ओरडून गातं. दाराशी अनामत ठेवून हेडफोन घ्यायचे. त्याची पुन्हा रांग. हेडफोनवर तीन रंगांचे दिवे, तीन डीजे: लाल, निळा, हिरवा. बटण दाबून हवा तो ऐका. ज्याला ऐकाल त्याचा रंग तुमच्या कानावर पेटतो.

तिघे एकाच लांब टेबलामागे उभे आहेत. लॅपटॉप आहेत, प्लेअर आहेत, सगळं तेच. समोर मात्र अंधारात रंगीत डोकी. आपल्याला किती जण ऐकताहेत हे त्यांना मान वर केली की दिसतं. लोक पुन्हा एकमेकांकडे तोंड करून नाचताहेत, कारण टेबलाकडे बघण्यासारखं काही नाही. टेबल मात्र लोकांवरून नजर हलवत नाही.

निळ्याचं बरं चाललंय. मग तो एक लांबलचक, ठोक्याविना गाणं लावतो. कोपऱ्यातली चार डोकी लाल होतात. मग मधली दोन. एक मुलगी मैत्रिणीच्या हेडफोनचं बटण स्वतःच दाबते, आणखी एक निळा गेला. निळ्याचे हात घाईत आहेत. गाणं मध्यावरच कापतो, खालून ठोका सरकवतो, वेग वाढवतो. डावा कान उघडा करून तो शेजारच्या हिरव्याकडे वाकतो.

“किती गेले?”

“सात-आठ. ते टोपीवाले बघ, परत येतायत.”

टोपीवाले दोघे निळे होतात. त्याचं बोट तोवर पुढच्या गाण्यावर गेलेलं असतं.