रेखावृत्त कोणाचे, घड्याळ कोणाचे?

उज्जयिनीच्या वेधशाळेतील सम्राट यंत्रावरची सावली आणि आपल्या मनगटावरील घड्याळ यांत सरासरी सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते. यंत्र बिघडलेले नाही. ते येथील सूर्याची वेळ सांगते. घड्याळ सांगते ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, आणि ते अंश मोजले जातात ग्रीनिचपासून. सूर्यसिद्धान्ताची मध्यरेखा तर याच अवंतीवरून जात असे. मग मोजणीचे मूळ आमच्या माधव नगरच्या शेजारून इंग्लंडास गेले कसे? त्यात ज्योतिषाइतकाच मुत्सद्देगिरीचा हात आहे.

आगगाडी व तारायंत्र यांमुळे गावोगावची निराळी वेळ चालेनाशी झाली, तेव्हा १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे २५ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. मूळ रेखावृत्त कोणत्याही बड्या राष्ट्राचे नसावे, असा फ्रान्सचा आग्रह होता. तो आम्हांस वाजवी वाटतो. परंतु टनभाराने पाहता जगातील सुमारे ७२ टक्के जहाजे ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरीत होती, आणि तांडेल ज्या नकाशावर विसंबतो तो तत्त्वाखातर बदलत नाही, हे किनाऱ्यावरचे पोरही सांगेल. ग्रीनिचला २२ मते पडली; फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. ब्रिटनच्या प्रतिनिधींत लंडनच्या इंडिया कौन्सिलचे रिचर्ड स्ट्रेची होते. हिंदी मनुष्य एकही नव्हता.

त्या नकाशांची जागा आता उपग्रहांनी घेतली आहे. उपग्रहाचा संकेत आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून आपले स्थान कळते. घड्याळ सेकंदाच्या दहालक्षांशाने चुकले, तर अंतर ३०० मीटरांनी चुकते. म्हणून ज्याचे घड्याळ, त्याचा शब्द. अमेरिकेने आपल्या जीपीएसचा नागरी संकेत मे २००० पर्यंत हेतुतः सदोष ठेविला होता. रशियाने ग्लोनास उभारली, चीनने २०२० मध्ये बैदू पुरी केली. युरोप तर अमेरिकेचा मित्र. तरीही त्याच्या गॅलिलिओला अमेरिकेचा विरोध झाला, आणि संकेतांच्या लहरींवरून चाललेल्या वाटाघाटी जून २००४ च्या कराराने मिटल्या.

भारताने स्वतःच्या यंत्रणेस २००६ मध्ये मंजुरी दिली. तीच आजची नाविक. तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला, पण त्यातील आण्विक घड्याळे स्वित्झर्लंडहून आणलेली होती, आणि पुढे तिन्ही बंद पडली. उपग्रह आपला असूनही काळ उसनाच होता. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात मात्र भारतात घडविलेले रुबिडियमचे घड्याळ बसविलेले होते.