रविवारच्या शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर
(लेखमाला : गाणी आणि त्यांचा काळ – भाग ११)

१९७० सालचा मे महिना अमेरिकेला फार जड गेला. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळ्या झाडल्या आणि चार विद्यार्थी ठार झाले. ११ मे रोजी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात एका कृष्णवर्णीय मुलाच्या तुरुंगातल्या मृत्यूवरून दंगल उसळली. तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी सहा कृष्णवर्णीय पुरुषांचा बळी घेतला. सहाही जणांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. १५ मेच्या पहाटे मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळीबार केला आणि आणखी दोन तरुण गेले. ३० मे रोजी ‘बिलबोर्ड’ची लोकप्रिय गाण्यांची यादी आली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर जे गाणं होतं त्याची सुरुवात शाळकरी मुलांच्या आवाजातल्या एका ख्रिस्ती बालगीताने होत होती.

गाणं होतं ‘एव्हरीथिंग इज ब्युटिफुल’. गायक, गीतकार आणि संगीतकार एकच, रे स्टीव्हन्स. दोन आठवडे ते अव्वल राहिलं. त्याच्या आधी तीन आठवडे ती जागा ‘द गेस हू’ या कॅनडाच्या बँडच्या ‘अमेरिकन वूमन’कडे होती आणि नंतर तिथे बीटल्सचं ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ आलं.

या लेखमालेत आतापर्यंत जी गाणी आली ती बहुतेक संतापाची होती. आजचं गाणं मवाळ आहे. त्यात कुणाला जाब विचारलेला नाही, कुठल्या घटनेचं नाव नाही, गावाचं नाही, बळी गेलेल्याचंही नाही. म्हणूनच त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. धर्म आणि वर्ण यांच्या भिंती पाडा असं सांगणारं मवाळ गाणं त्या महिन्यात इतक्या लोकांना का हवंसं वाटलं, आणि त्याने नेमकं कुणाला काय सांगितलं?

आधी रेकॉर्ड ऐकू. सुरुवातीला फक्त मुलं गातात. ही काही तयारीची गायकमंडळी नव्हेत. नॅशव्हिलच्या ओक हिल शाळेतली मुलं ती, आणि स्टीव्हन्सच्या दोन मुलीही त्यांच्यात होत्या. आवाज कोवळे, तालीम न दिलेले. मग स्टीव्हन्सचा आवाज येतो आणि ध्रुवपद सुरू होतं. पहिल्याच ऐकण्यात सोबत गुणगुणता यावं इतकं ते सोपं आहे. अंतऱ्यात मात्र चाल बदलते. शब्दांची गर्दी होते, गायक गातो आहे की समोर बसून घाईघाईने समजावतो आहे असं वाटू लागतं. सांगणं थोडक्यात असं, की डोळे असून न पाहणाऱ्याचं आंधळेपण सगळ्यांत वाईट, आणि माणसाला त्याच्या केसांवरून किंवा कातडीवरून जोखू नये. केसांचा उल्लेख आज किरकोळ वाटेल. १९७० च्या अमेरिकेत लांब केस म्हणजे युद्धाला विरोध करणारा, बापाचं न ऐकणारा पोरगा. त्या एका उल्लेखात रंगभेदाबरोबर घराघरांतली भांडणंही आली होती.

सुरुवातीच्या बालगीताची गोष्ट तर वेगळीच आहे. ‘जीझस लव्ह्ज द लिटल चिल्ड्रन’ हे अमेरिकेतल्या चर्चच्या रविवारच्या शाळांमध्ये पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलेलं गाणं. शब्द सी. हर्बर्ट वूल्स्टन या धर्मोपदेशकाचे. जगातली सगळी मुलं देवाची लाडकी आहेत, असं सांगताना त्यात कातडीचे रंग एकेक करून मोजले आहेत. (हे रंग आज अनेकांना खटकतात आणि काही ठिकाणी ते शब्द बदलून गातात.) चाल मात्र वूल्स्टन यांची नाही. जॉर्ज एफ. रूट यांनी १८६४ मध्ये, अमेरिकेचं यादवी युद्ध ऐन भरात असताना ‘ट्रॅम्प! ट्रॅम्प! ट्रॅम्प!’ हे गाणं रचलं. शत्रूच्या तुरुंगात खितपत पडलेला उत्तरेचा सैनिक सुटकेची वाट पाहतो आहे, असं ते गाणं. पुढे १८६७ मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यवाद्यांनी याच चालीवर ‘गॉड सेव्ह आयर्लंड’ गायलं. ज्या युद्धाने गुलामगिरी संपली, त्या युद्धातल्या कैद्याची चाल शंभर वर्षांनी दक्षिणेतल्या शाळकरी मुलांच्या तोंडून रंगभेदाविरुद्धच्या गाण्यात आली. स्टीव्हन्सने हे ठरवून केलं असं म्हणायला आधार नाही. चाली अशाच हिंडतात.

बालगीताची निवड मात्र अचूक होती. नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं माहेरघर, तसंच चर्चच्या छापखान्यांचं शहर. सदर्न बॅप्टिस्ट पंथाच्या रविवारच्या शाळांची पुस्तकं तयार करणारं मंडळ तेव्हा तिथलंच. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांत हे गाणं पाठ नसलेलं माणूस सापडणं अवघड. आणि हीच कुटुंबं रविवारी सकाळी ज्या चर्चमध्ये जात, त्यांतल्या बहुतेकांत कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, हे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६० मध्येच बोलून दाखवलं होतं. स्टीव्हन्सच्या गाण्याने बाहेरून कुठलंही नवं तत्त्वज्ञान आणलं नाही. तुमची मुलं दर रविवारी जे गातात ते तुम्ही मानता का, एवढंच त्याने विचारलं. स्लाय स्टोन ‘एव्हरीडे पीपल’मध्ये वर्षभरापूर्वी असंच काहीसं सांगून पहिल्या क्रमांकावर पोचला होता, पण त्याच्या मिश्रवर्णी बँडचा दणका सुरू झाला की रेडिओ बंद करणारी घरं होती. त्या घरांनी स्टीव्हन्सला ऐकलं. ‘बिलबोर्ड’च्या ईझी लिसनिंग यादीतही, म्हणजे प्रौढांच्या मवाळ संगीताच्या यादीतही, हे गाणं अव्वल ठरलं, यात त्याचं खरं महत्त्व आहे.

स्टीव्हन्स त्या वेळी ३१ वर्षांचा होता. खरं नाव हॅरल्ड रे रॅग्सडेल, जन्म जॉर्जियातला. लोक त्याला ओळखत ते विनोदी गाण्यांसाठी. अँडी विल्यम्स या लोकप्रिय गायकाच्या बार्नबी कंपनीत तो नुकताच आला होता. १९७० च्या उन्हाळ्यात विल्यम्सच्या टीव्ही कार्यक्रमाच्या जागी स्टीव्हन्सचा कार्यक्रम लागला आणि त्याचं शीर्षकगीत हेच होतं. १९७१ च्या ग्रॅमी समारंभात या गाण्याला दोन पारितोषिकं मिळाली. एक स्टीव्हन्सला गायनासाठी. दुसरं जेक हेस या गॉस्पेल गायकाने केलेल्या याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला, धार्मिक संगीताच्या विभागात. वर्षभरात गाणं रेडिओवरून निघून चर्चच्या संगीतातही जाऊन बसलं होतं.

आता अडचणीचा भाग. याच स्टीव्हन्सचं १९६२ मधलं गाजलेलं गाणं होतं ‘एहॅब दि एरब’. त्यात वाळवंटातला एक शेख, त्याचा उंट आणि अरबीची नक्कल म्हणून तोंडाने काढलेले निरर्थक आवाज आहेत. गाणं पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, लोक पोट धरून हसले. आज ते ऐकताना अंगावर येतं. एका अख्ख्या समाजाची भाषा आणि श्रद्धा तिथे फक्त थट्टेसाठी आहे. सहिष्णुतेचं गाणं लिहिल्यावर स्टीव्हन्सने हे जुनं गाणं मागे टाकलं असंही झालं नाही. २०१० मध्ये त्याने ‘कम टू द यूएसए’ हे बेकायदा स्थलांतरितांवर टीका करणारं गाणं केलं आणि अमेरिकेतल्या उजव्या मतांच्या श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतलं. २०१९ मध्ये त्याची कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. एकाच माणसाच्या नावावर हे सगळं आहे, आणि ते लपवून गाण्याचं कौतुक करणं बरं नव्हे.

गाण्यातली धार्मिक सहिष्णुताही तपासून घ्यायला हवी. देवाच्या आकाशाखाली प्रत्येकाला वाट सापडेल असा त्याचा सूर आहे, पण देव, बालगीत, शीर्षकाच्या कल्पनेमागचं बायबल, सगळं एकाच धर्मातलं आहे. परक्याचं स्वागत आहे, ते यजमानाच्या घरात. १९७० मध्येच दोन गाण्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. नॉर्मन ग्रीनबॉम या ज्यू गायकाने ‘स्पिरिट इन द स्काय’मध्ये येशूला मित्र म्हटलं आणि ते गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. वर्ष संपता संपता जॉर्ज हॅरिसनचं ‘माय स्वीट लॉर्ड’ अव्वल झालं. त्यात मागून गाणारे आवाज ख्रिस्ती जयघोषावरून कृष्णनामावर कधी जातात ते कळतही नाही. स्टीव्हन्सच्या गाण्यात अशी धिटाई नाही.

शिवाय गाणं सुंदरतेविषयी बोलतं, हक्काविषयी बोलत नाही. आणि नॅशव्हिलमध्ये प्रश्न हक्काचा होता. १९५७ च्या सप्टेंबरात तिथल्या हॅटी कॉटन प्राथमिक शाळेत एक कृष्णवर्णीय मुलगी पहिलीत दाखल झाली आणि त्याच रात्री कुणीतरी स्फोट घडवून शाळेचा एक भाग उडवून दिला. कंट्री संगीताच्या धंद्यातही हाच डाग होता. १९६६ मध्ये चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या रेकॉर्ड रेडिओ केंद्रांना पाठवताना आरसीए कंपनीने त्याचा फोटो पाठवला नाही. आवाज आवडल्यावर रंग कळावा, असा हिशेब. प्राइड १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘वर्षातला सर्वोत्तम कलाकार’ ठरला.

या शहरात बदल कसा आला, याची गोष्ट महाराष्ट्राशी जोडलेली आहे. जेम्स लॉसन हा तरुण मेथडिस्ट कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात गेला होता. सुटल्यावर १९५३ मध्ये तो नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवू लागला. तीन वर्षं तो तिथे होता. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्याने कसून अभ्यास केला. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने वाचली तीही नागपूरच्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर किंग यांनी त्याला दक्षिणेत यायचा आग्रह केला आणि लॉसन नॅशव्हिलला पोचले.

तिथे एका चर्चच्या तळघरात त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. काही मुलं खुर्च्यांवर गिऱ्हाईक होऊन बसत. बाकीचे गोऱ्या गुंडांची भूमिका घेत; शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, केस ओढत, खुर्चीवरून खाली ढकलत. बसलेल्याने हात उगारायचा नाही, डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं आणि उठून पुन्हा खुर्चीवर बसायचं. डायन नॅश, जॉन लुईस ही या कार्यशाळांमधून घडलेली माणसं. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं वूलवर्थ आणि इतर दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. मार खाल्ला, ऐंशीहून अधिक जण एकाच दिवशी अटकेत गेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. १० मे १९६० रोजी शहराच्या मध्यभागातल्या सहा दुकानांनी कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात केली. पुढे व्हँडरबिल्टने माफी मागून लॉसन यांना अध्यापक म्हणून परत बोलावलं. २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले.

स्टीव्हन्सचं गाणं उपाहारगृहांच्या या लढ्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच शहरात तयार होऊन गाजलं. उपाहारगृहाची खुर्ची मिळवून दिली ती मार खाणाऱ्या मुलांनी. ते श्रेय कुठल्याही गाण्याला देता येणार नाही. पण खुर्ची मिळाल्यावर शेजारी बसलेल्या गोऱ्या माणसाचं मन तसंच राहिलं होतं, आणि त्याच्या घरात शिरू शकेल असा आवाज लॉसन किंवा लुईस यांचा नव्हता. तो त्याच्याच भाषेत, त्याच्याच चर्चच्या चालीवर गाणाऱ्या, कालपर्यंत त्याला हसवणाऱ्या माणसाचा असावा लागला. तेवढं काम या गाण्याने केलं. एका वर्षाने, १९७१ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने नॅशव्हिलमध्ये मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवून वर्ग मिश्र करायचं ठरलं, तेव्हा शहरातल्या गोऱ्या पालकांनी कडाडून विरोध केला. गाणं आवडणं आणि आपल्या मुलाशेजारचं बाक मोकळं करणं यांत एवढं अंतर होतं.

तरीही हे गाणं ऐकावं. मवाळ गाण्यांना भाबडी म्हणून मोडीत काढायची घाई जाणकार नेहमी करतात. ती इथे चुकीची ठरेल. ज्याला आधीच पटलेलं आहे त्याच्यासाठी गाणं सोपं असतं, ज्याला पटलेलं नाही त्याच्यासाठी लिहिणं कठीण, आणि स्टीव्हन्सने ते एकदा तरी करून दाखवलं.

पुढच्या भागात ‘माय स्वीट लॉर्ड’ आणि त्यावरून न्यायालयात गाजलेला चालीच्या चोरीचा खटला. त्याआधी नागपूरकर वाचकांना एक विनंती. १९५३ ते १९५६ या काळात हिस्लॉप कॉलेजात शिकलेलं कुणी तुमच्या घरात किंवा ओळखीत असेल आणि लॉसन यांची एखादी आठवण, एखादा फोटो त्यांच्यापाशी असेल, तर तो जपून ठेवा आणि आम्हाला जरूर कळवा.