बाळाची वाटी कशाची असावी?

सहावा महिना उलटला, की घरात बाळाच्या उष्टावणाची तयारी सुरू होते. मामाने आणलेली चांदीची वाटी, आजीने जपून ठेवलेले बोंडले, छोटासा चमचा यांची जुळवाजुळव होते. अलीकडे या पारंपरिक भांड्यांच्या शेजारी बांबूच्या रंगीत ताटल्या, सिलिकॉनच्या वाट्या आणि गव्हाच्या काडापासून बनवल्याचे सांगितले जाणारे चमचेही येऊन बसले आहेत. त्यांतील बहुतेकांवर ‘इको-फ्रेंडली’ असा शिक्का असतो. प्लॅस्टिक टाळले आणि पर्यावरणही जपले, या समाधानात पालक दुप्पट-तिप्पट किंमत मोजतात. मात्र, पर्यावरणाला पूरक असल्याचा दावा करणारी वस्तू बाळाच्या पोटालाही पूरक असतेच, असे नाही. नैसर्गिक, पारंपरिक आणि सुरक्षित हे तीन शब्द समानार्थी नाहीत, हा धडा महाराष्ट्राने काही दशकांपूर्वी मोठी किंमत देऊन गिरवला आहे.

पितळेने दिलेला धडा

ऐंशीच्या दशकापर्यंत ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने ओळखला जाणारा यकृताचा विकार हा बालरोगतज्ज्ञांच्या चिंतेचा विषय होता. साधारणपणे एक ते तीन वर्षे वयाची मुले त्याला बळी पडत आणि त्यांतील फारच थोडी वाचत. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कमालीचे वाढलेले आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा इतिहास तपासला. आजारी मुलांना अगदी लहान वयातच पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले अथवा साठवलेले वरचे दूध दिले जात होते, असे त्यातून दिसून आले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आणि त्यानंतर १९८७ मध्ये या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. त्यामुळे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दूध तापवले, की धातू दुधात उतरतो आणि थेट बाळाच्या पोटात जातो. या विकारात आनुवंशिकतेचाही वाटा असावा, असे काही तज्ज्ञांचे मत आहे. परंतु, घरोघरी पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतल्यानंतर हा आजार दुर्मीळ झाला, ही वस्तुस्थिती आहे.

आज तांब्या-पितळेच्या भांड्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. पुण्याच्या तांबट आळीपासून शहरांतील मोठ्या दुकानांपर्यंत ही भांडी ‘आरोग्यदायी’ म्हणून हौसेने घेतली जातात. मोठ्यांच्या वापरासाठी त्यांची पारख वेगळी. पण बाळाचे दूध, ताक, टोमॅटोचे सूप, लिंबू किंवा चिंच घातलेले वरण अशा भांड्यात ठेवू नये. कल्हई असेल, तरी ती शुद्ध कथिलाची आहे आणि कुठे निघालेली नाही, याची खात्री हवी. कल्हईच्या मिश्रणात शिसे असेल, तर एक धोका टाळताना दुसरा ओढवतो. शिशाचे रक्तातील कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बांबूच्या नावाखाली मेलामाइन

गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेल्या ‘बांबू फायबर’च्या ताटल्या दिसायला सुबक, वजनाला हलक्या आणि पडल्या तरी न फुटणाऱ्या असतात. बांबूची भुकटी स्वतःहून अशी घट्ट बसत नाही. ती बांधून ठेवण्यासाठी बहुतेक वेळा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड हे राळेसारखे प्लॅस्टिक वापरले जाते. म्हणजे ज्या वस्तूला आपण बांबू समजतो, ती प्रत्यक्षात बांबू मिसळलेले प्लॅस्टिकच असते.

उष्ण आणि आंबट पदार्थांच्या संपर्कात या राळेतून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड अन्नात उतरू शकतात. जर्मनीच्या केंद्रीय जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये अशा पेल्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. काही ‘बांबू’ पेल्यांतून झिरपणारे फॉर्माल्डिहाइड लहान मुलांसाठीच्या सह्य मर्यादेपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे त्यात म्हटले होते. बांबू मिसळलेले पेले साध्या मेलामाइनपेक्षाही अधिक प्रमाणात ही रसायने सोडतात, असेही आढळले. युरोपीय महासंघाच्या नियमांत अन्नासाठीच्या प्लॅस्टिकमध्ये बांबूची भुकटी मिसळण्यास परवानगी नाही. त्यामुळे २०२१ मध्ये महासंघाने सदस्य देशांच्या साह्याने अशा मालाविरुद्ध मोहीम हाती घेतली.

बाळासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा का? वजनाच्या तुलनेत बाळ मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक अन्न घेते आणि त्याची मूत्रपिंडे व यकृत अजून पूर्ण विकसित झालेले नसतात. शिवाय आपल्याकडे बाळाचा आहार मुख्यतः गरम असतो. कुकरमधून काढलेला मऊ भात, नाचणीचे सत्त्व किंवा कोकण-गोव्यातले खिमट वाफाळते असतानाच वाटीत पडते. रसायने झिरपण्यासाठी नेमकी हीच स्थिती अनुकूल ठरते.

गव्हाच्या काडाच्या किंवा भाताच्या तुसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंनाही हेच तत्त्व लागू आहे. त्यांत काड किंवा तूस भरीला असते. बांधणी मात्र पॉलिप्रॉपिलीनची किंवा मेलामाइनची असू शकते. त्या पाण्यात विरघळत नाहीत, फुगत नाहीत, यावरूनच त्यांत आणखी काहीतरी आहे हे ओळखावे.

विघटन होते, पण कुठे?

मक्याच्या स्टार्चपासून बनणारे पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, हे प्लॅस्टिक विघटनशील म्हणून ओळखले जाते. त्याचे विघटन होते हे खरे, पण त्यासाठी साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान सतत राखणारा औद्योगिक खत प्रकल्प लागतो. गच्चीवरच्या खताच्या टोपलीत किंवा कचरा डेपोत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते. याच तापमानाच्या आसपास ते मऊही पडते. त्यामुळे गरम वरणभातासाठी ते फारसे उपयोगाचे नाही.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदा वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व चमच्यांवर बंदी आली. त्यानंतर पानांच्या आणि उसाच्या चिपाडांच्या ताटल्यांचा खप वाढला. वाढदिवसाच्या पंगतीपुरत्या त्या ठीक. पण बाळाच्या रोजच्या तीन-चार वेळच्या खाण्यासाठी दररोज नवी ताटली वापरणे म्हणजे कचऱ्याचा ढीग वाढवणेच होय. सुपारीच्या पोवळीपासून बनवलेल्या ताटल्यांबाबत तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. सुपारीतील अरेकोलिनसारखी द्रव्ये अन्नात उतरू शकतात, हे त्याचे कारण.

जुनेच, पण खरे हिरवे

मग पर्यावरणाच्या कसोटीवर कोणते भांडे उतरते? त्याचे उत्तर बहुतेक मराठी घरांच्या मांडणीवर आधीपासूनच आहे. स्टेनलेस स्टील तयार करण्यासाठी खाणकाम करावे लागते, भरपूर ऊर्जा लागते, हे नाकारता येत नाही. परंतु एकदा तयार झालेली वाटी दोन-तीन पिढ्या टिकते. तिच्यावर ओरखडे पडले तरी ती निरुपयोगी होत नाही, उकळत्या पाण्यात निर्जंतुक करता येते आणि शेवटी ती भंगारवाल्याकडे गेली तरी वितळवून पुन्हा वापरात येते. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण पुनर्वापर हा शब्द रूढ होण्यापूर्वीपासून तोच व्यवहार करत आली आहे.

स्टील घेताना ३०४ किंवा १८/८ या दर्जाचे घ्यावे. यांतील १८ आणि ८ हे आकडे अनुक्रमे क्रोमियम आणि निकेल यांचे टक्केवारीतील प्रमाण दाखवतात. कमी निकेलचे स्वस्त स्टील लवकर गंजते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १४७५६ हे मानक आहे. स्टीलची एकच अडचण म्हणजे ते लवकर तापते. अन्न मोठ्या वाटीत निववून मग बाळाच्या वाटीत काढले किंवा दुहेरी भिंतीची वाटी घेतली, की ती दूर होते.

चांदीच्या वाटीलाही हरकत नाही. मात्र ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने भेटीदाखल मिळणाऱ्या वाटीत चांदीचा अंशही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. तो देवघरात शोभतो, बाळाच्या तोंडी नव्हे. बोंडले वापरायचे, तर त्याची चोच आतून नीट घासता येते ना, हे आधी पाहावे. येत नसेल, तर साधी वाटी-चमचाच बरा.

सिलिकॉन, लाकूड आणि काच

दात येत असताना हिरड्यांना टोचू नये म्हणून सिलिकॉनचा मऊ चमचा सोयीचा ठरतो. अन्नासाठीचे सिलिकॉन उष्णतेला चांगले टिकते. पण ते कुजत नाही आणि आपल्याकडचा भंगारवाला ते घेत नाही. म्हणून एखादा चमचा घ्यावा. संपूर्ण संचाची आवश्यकता नसते.

लाकडाची ताटली किंवा नारळाच्या करवंटीची वाटी खरोखर विघटनशील आहे. तिच्यावर रंग किंवा वॉर्निश नसावे. ओल धरून बुरशी येऊ नये म्हणून ती भिजत न टाकता लगेच धुऊन उन्हात वाळवावी. तडा गेला, की वापर थांबवावा. काच अन्नात काहीच सोडत नाही, पण बाळाच्या हाती देण्यासारखी नाही. आईने भरवताना मात्र काचेची वाटी उत्तम. आतून रंगीत नक्षी असलेली चिनी मातीची भांडी टाळावीत, कारण काही रंगांत व झिलईत शिसे असू शकते.

उरते साधे प्लॅस्टिक. ‘बीपीए-मुक्त’ असा शिक्का पाहून निर्धास्त होण्याचे कारण नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाण्याने दूध तयार करताना त्यातून एका लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत सूक्ष्मकण सुटत असल्याचे त्यांना आढळले. म्हणूनच घरात प्लॅस्टिकची वाटी असेलच, तर ती फळांच्या तुकड्यांसाठी किंवा कुरमुऱ्यांसाठी ठेवावी.

खरेदीपूर्वी हे पाहा

* वस्तू कशापासून बनली आहे, हे वेष्टनावर स्पष्ट लिहिले आहे का? केवळ ‘नैसर्गिक’ किंवा ‘इको’ लिहिले असेल, तर घेऊ नये.
* ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये’ अशी सूचना बांबूच्या ताटलीवर असेल, तर त्यात मेलामाइन असण्याची शक्यता आहे.
* ‘कंपोस्टेबल’ प्लॅस्टिकवर आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख हवा.
* वाटी २०० ते २५० मिलिलिटरची पुरेशी. काठ गोल आणि कोपरे नसलेले असावेत.
* दोन वाट्या, एक ताटली, दोन चमचे आणि एक पेला एवढ्यात दोन-अडीच वर्षे भागतात.

पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘हिरवे’ अशा मोघम शब्दांना पुरेशा पुराव्याची जोड असली पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. तो पुरावा विक्रेत्याकडे मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे आणि पालकांनी तो बजावायला हवा.

तथापि, नवी खरेदी करण्यापूर्वी एकदा घरातील कपाट उघडून पाहावे. ताईच्या मुलाची किंवा बाळाच्या बाबांचीच लहानपणीची नाव कोरलेली स्टीलची वाटी तिथे असण्याचा संभव आहे. नव्याने काहीच तयार करावे न लागलेल्या त्या वाटीहून अधिक पर्यावरणपूरक भांडे कोणत्याही दुकानात मिळणार नाही.