इंजिनचे फाउंडेशन : जुन्या गाडीच्या दुरुस्तीत राहून जाणारी बाब

गॅरेजच्या धंद्यात असलेल्या आमच्या वाचक बंधूंना आम्ही एक प्रश्न विचारतो. एकाच गाडीच्या सायलेन्सरचा पाइप एकाच जागी तिसऱ्यांदा तुटून आला, तर आपण काय करता? वेल्डिंग करून देता, की तो का तुटतो हे शोधता? आम्ही वेल्डिंग करून दिले होते. तिन्ही वेळा, आणि तिन्ही वेळा पैसे घेऊन.

गाडी १९९८ सालची मारुती ८००. मालक चिपळूणकडचे एक शाळामास्तर. दर पंधरवड्याला कुंभार्ली घाट चढून ते कराडला जात. चौथ्या वेळी पाइप कराडातच तुटला आणि तेथील मेकॅनिकने पाइपाला हात लावण्याआधी बॉनेट उघडले. आठवडाभराने गुरुजी आमच्याकडे आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. "चाचा, हे बघा. पाइप याच्यामुळे तुटत होता म्हणे." कागदात इंजिनचे फाउंडेशन होते. रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेले, दोन तुकडे वेगळे. गुरुजी भांडले नाहीत. भांडले असते तर बरे झाले असते. आम्ही वेल्डिंगचे पैसे परत देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत आणि पुढे वर्षभर आमच्या दारात फिरकले नाहीत.

ज्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात आणि दुकानदार माउंटिंग, ती वस्तू दिसायला अगदी साधी आहे. लोखंडाच्या दोन भागांमध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. एक भाग इंजिनाला, दुसरा बॉडीला. मोटारी नव्या निघाल्या तेव्हा इंजिन थेट चासीवर आवळलेले असे आणि बसणाऱ्याचे दातही थरथरत. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर टेकवले व त्या रचनेला 'फ्लोटिंग पॉवर' असे नाव देऊन गाड्या खपवल्या. तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

मारुती ८०० मध्ये या रबराला विश्रांती कमी. इंजिन तीन सिलिंडरचे. ते स्वभावानेच डुलते. रिकामे इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर चालत असेल तर त्यात मिनिटाला १३५० स्फोट होतात आणि प्रत्येकाचा धक्का आधी रबराला बसतो. शिवाय अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनीत डिफरन्शिअल मागच्या अ‍ॅक्सलवर असते, तेथील झटका पाटे सोसतात. मारुतीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच गाठोड्यात पुढे बांधलेले. पहिल्या गिअरमध्ये घाट चढताना चाकांना जितका पीळ मिळतो, तितकाच उलटा पीळ ते गाठोडे फाउंडेशनवर काढते. ज्याची गाडी घाटात चालते, ज्याला क्लच झटक्याने सोडायची सवय आहे, त्याचे रबर आधी जाते.

रबर गेले की दुखणे भलत्याच ठिकाणी दिसते, आणि आमच्यासारखा मिस्त्री तेथेच फसतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरते. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून 'धडाक्' असा आवाज येतो. गिअर नीट पडत नाही, कधी चढणीवर आपोआप सुटतो. रेडिएटरचा होस ताणून फाटतो. सायलेन्सरचा पाइप मागे बॉडीला टांगलेला आणि पुढे इंजिनाला बांधलेला. इंजिन उसळू लागले की तो मध्येच मोडतो. आम्ही तीनदा जोडला तो हाच.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. सपाट जागी हँडब्रेक ओढून बॉनेट उघडावे. एकाने सीटवर बसून पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या पुढे किंवा मागे नव्हे; शागीर्दाला हे पहिल्या दिवशी सांगावे. इंजिन थोडे झुकणारच. पण ते उचलून आपटत असेल तर फाउंडेशन गेले. नंतर इंजिन बंद करून बॅटरीच्या उजेडात रबर पाहावे : चिरा, लोखंडापासून सुटलेली कड, किंवा ऑईल पिऊन फुगलेले व बोटाला लिबलिबीत लागणारे रबर.

मात्र एक खबरदारी घ्यावी. एक प्लग मारत नसेल किंवा कार्बोरेटरचे सेटिंग बिघडले असेल तरीही गाडी तशीच थरथरते. ते आधी नीट करावे. नाहीतर गिऱ्हाइकाच्या पैशाने नवे रबर बसते आणि थरथर जिथल्या तिथे राहते.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. इंजिन थंड असावे, चाकांना दगड लावलेले असावेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री डिझेल टाकून ठेवले तर सकाळी पाना घसरत नाही. इंजिनाखाली जॅक लावताना मध्ये रुंद लाकडी ठोकळा हवाच. उघडा जॅक ऑईल चेंबरवर टेकवला तर पत्रा आत दबतो, आतील पंपाची जाळी अडते आणि शंभर रुपयांच्या कामात इंजिन हातचे जाते. जॅक इतकाच चढवावा की फाउंडेशनवरचे ओझे उतरेल. एका वेळी एकच फाउंडेशन सोडावे. लोखंडी भागांच्या फटीत बोट घालून भोक जुळते का ते पाहू नये. त्यासाठी टॉमी आहे.

नवे माउंटिंग जुन्याशेजारी ठेवून उंची, भोकांचे अंतर आणि वरची-खालची बाजू ताडून घ्यावी. बोल्ट आधी हातानेच लावावेत. इंजिन पूर्ण खाली बसू द्यावे, थोडे हलवावे आणि मगच शेवटचा पाना फिरवावा. जॅकवर असतानाच आवळले तर रबर पीळ खाऊन बसते आणि लवकर फाटते. आमच्या पाहण्यातील बहुतेक 'नवीन माल खराब निघाला' अशा तक्रारी या चुकीच्या आहेत.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी परत लावायला विसरू नये. मध्ये रबर असल्याने वीज तिच्यातूनच जाते. ती राहिली तर सेल्फ मारताना वीज अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढते; केबल तापते, कधी धूर निघतो.

आता दुकानदार बंधूंसाठी. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, अ‍ॅम्बॅसॅडरचेही त्याच वर्षी. तरी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून घेऊन या गाड्या चालवणारे लोक आहेत आणि त्यांना हा माल लागतो. पण रबर हे लोखंड नव्हे. कपाटात पडूनही ते म्हातारे होते. नखाने दाबून पाहिले आणि खूण उमटण्याऐवजी बारीक चीर पडली, तर तो माल विकू नये. भंगारातल्या गाडीचे माउंटिंग काढून विकणे तर गिऱ्हाइकाच्या आणि आपल्याही नुकसानीचे. स्वस्त माल पुष्कळदा फार कडक असतो. तो टिकाऊ वाटतो, प्रत्यक्षात सारी थरथर बॉडीत सोडतो. टायरचा तुकडा कापून मध्ये घालणाऱ्यांविषयी आम्ही काही बोलत नाही. अडल्या रात्री गाडी घरी नेण्यापुरते ते ठीक.

ज्या गाड्यांचे माउंटिंग बाजारात उरलेच नाही, त्यांच्यासाठी जुने लोखंड घासून साफ करून, साच्यात नवे रबर भाजून चिकटवता येते. रबर मोल्डिंगचे काम जाणणाऱ्या कारागिरांनी या कामाकडे पाहावे. जुन्या गाड्यांचे शौकीन भाव करत बसत नाहीत.

गुरुजी वर्षानंतर आले ते ऑईल गळते म्हणून. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले होते आणि थेंब नेमके कराडला बसवलेल्या फाउंडेशनवर पडत होते. पॅकिंग बदलले, साबणाच्या पाण्याने रबर धुतले, कोरडे करून बॅटरी लावून पाहिले. मग गुरुजींना सीटवर बसवून क्लच सोडायला लावला आणि आम्ही बाजूला उभे राहिलो. इंजिन जरासे झुकले आणि जागेवर आले. बिल पॅकिंगचे आणि मजुरीचे केले. गुरुजींनी ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि पैसे दिले.