प्राध्यापकांना शिकवणारे कोण? प्रशिक्षकांची पार्श्वभूमी का महत्त्वाची

शाळेत नववी ते बारावीच्या वर्गांना शिकवण्यासाठी विषयातील पदवीबरोबरच बी.एड. आवश्यक मानले जाते. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. एवढ्या पात्रतेवर सहायक प्राध्यापक होता येते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन अभियोग्यतेवर प्रश्न असतात. परंतु प्रत्यक्ष वर्गात उभे राहण्याचा सराव त्यात नसतो. त्यामुळे विषय जाणणारा, पण शिकवण्याचे शिक्षण न घेतलेला उमेदवार थेट वर्गात जातो. ही उणीव भरून काढण्याचे काम सेवांतर्गत प्रशिक्षणावर येते आणि म्हणूनच ते प्रशिक्षण कोण देतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची स्थापना सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षक दिनी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. देशभरातील १११ केंद्रांमार्फत उच्च शिक्षणातील सुमारे १५ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले. पुणे, मुंबई, नागपूर आणि गोवा या विद्यापीठांतही पूर्वीपासून अशी केंद्रे कार्यरत आहेत.

या कार्यक्रमाचे आठ विषय आहेत: समग्र व बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, शैक्षणिक नेतृत्व व प्रशासन, उच्च शिक्षण आणि समाज, संशोधन व विकास, कौशल्य विकास, विद्यार्थ्यांतील विविधता व सर्वसमावेशक शिक्षण आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान. एवढा विस्तृत पट कोणत्याही एका विद्याशाखेच्या आवाक्यातला नाही. केंद्रांचा स्वतःचा अध्यापकवर्ग मोजका असतो आणि बहुतेक सत्रे बाहेरून येणाऱ्या साधनव्यक्ती घेतात.

या साधनव्यक्तींच्या पार्श्वभूमी वेगवेगळ्या असतात. संशोधनात नाव मिळवलेला विषयतज्ज्ञ आपल्या शास्त्रातील नव्या घडामोडी सांगू शकतो. परंतु पाठांतराऐवजी आकलन तपासणारी प्रश्नपत्रिका कशी काढावी, याचा त्याने स्वतंत्र अभ्यास केलेला असेलच असे नाही. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाला मूल्यमापन आणि अध्ययनाचे सिद्धान्त ठाऊक असतात; पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अडचणी त्याच्या अनुभवाबाहेरच्या असू शकतात. प्राचार्य, कुलसचिव किंवा माजी कुलगुरू नियम व प्रशासनाची बाजू समजावतात. ग्रंथपाल आणि संगणकशास्त्राचे अध्यापक माहितीचा शोध, संदर्भांची नोंद व वाङ्मयचौर्य याविषयी मार्गदर्शन करतात. मानसशास्त्रज्ञ आणि कायद्याचे अध्यापक विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य, दिव्यांगांचे हक्क आणि लैंगिक छळाच्या प्रतिबंधाविषयी बोलतात.

या सर्वांचा मेळ बसला, तरच प्रशिक्षण उपयोगी ठरते. केवळ प्रशासकांनी घेतलेला वर्ग परिपत्रकांच्या वाचनात संपण्याचा धोका असतो, तर केवळ विषयतज्ज्ञांचा वर्ग व्याख्यानमालेसारखा होतो. व्याख्यानापलीकडे कसे शिकवावे, हे सांगण्यासाठी दिवसभर व्याख्यानेच दिली गेली, तर सहभागी शिक्षक परतल्यावरही जुनीच पद्धत चालू ठेवण्याची शक्यता अधिक.

यात शिक्षकांचे व्यावहारिक हितही गुंतलेले आहे. २०१८ च्या आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जाण्यासाठी अन्य अटींबरोबर २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याने वर्ग भरतातच. त्यातून शिक्षक काही शिकून जातो की केवळ कागद घेऊन जातो, हे बऱ्याच अंशी समोर उभ्या असलेल्या प्रशिक्षकावर अवलंबून असते.

अलीकडच्या दोन निर्णयांनी या चित्रात बदल होत आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण संशोधनकाळातच घेणे बंधनकारक केले. त्याच वर्षी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद झाली. उद्योग, कला किंवा अन्य व्यवसायांत किमान १५ वर्षे काम केलेल्या तज्ज्ञांना औपचारिक शैक्षणिक पात्रतेच्या अटीविना अध्यापनाची संधी त्यातून मिळते. अशा तज्ज्ञांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा आहे.

ज्यांचे नाव या कार्यक्रमाला दिले आहे, त्या पंडित मदनमोहन मालवीय यांची वाटचालही एका चाकोरीतली नव्हती. ते प्रथम अलाहाबादमध्ये शाळाशिक्षक होते. पुढे ‘हिंदोस्थान’ या पत्राचे संपादक आणि नंतर वकील झाले. १९१६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली आणि १९१९ ते १९३८ या काळात ते त्याचे कुलगुरू होते.

प्रशिक्षकांची निवड करताना पदनामापेक्षा कोणता अनुभव कोणत्या सत्रासाठी उपयोगी आहे, हे पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या संचालकांवर आणि वर्गाच्या समन्वयकांवर असते. पदवीच्या मोठ्या, संमिश्र वर्गाला अनेक वर्षे शिकवलेला अध्यापक त्या यादीत असणे नवोदित प्राध्यापकांसाठी तितकेच मोलाचे ठरते. कारण प्रशिक्षण संपल्यावर त्यांना परतायचे असते ते अशाच वर्गात.